कबुतरांच्या पायाखालची हळद

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षांहून जास्त काळ टाळत आलो. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण मला ती कुणी विचारलीच नाही. गावात ज्यांना ठाऊक होती त्यांना ती चुकीची ठाऊक होती, आणि चुकीची होती म्हणूनच मी सुखात राहिलो. आमच्या गावचा पिंजारी आपली कबुतरं घेऊन गाव सोडून गेला, त्याचं कारण जुनी माणसं सांगतात ते असं : त्यानं भर मांडवात अपशकुन केला, मग त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. नंतरच्या पिढीतले लोक याहून सोपं कारण सांगतात. ते वर्षच फाळणीचं होतं, मुसलमान माणूस, भिऊन गेला असेल, म्हणतात. दोन्ही खोटं आहे. तो मांडव कबुतरांच्या लग्नाचा होता, आणि ते लग्न लागलं माझ्यामुळं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, एवढंच त्याचं मूळ.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या खालच्या अंगाचं. ऊस आणि हळद ही पिकं, आणि घरटी एक माणूस पलटणीत. मी गावच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो. त्याआधी साताऱ्याला मामाकडं राहून तीन वर्षं इंग्रजी शाळेत काढली होती आणि मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास झालो होतो. गावाला यातलं पहिलं ठाऊक होतं, दुसरं नव्हतं. पलटणीतून इंग्रजी कागद आला की लोक माझ्याकडं येत. ते कागद सगळे एका छापाचे असत : वर नंबर, खाली सही, आणि मधे माणूस बरा आहे. वाईट बातमी तारेनं येई आणि ती पोस्टातच वाचून होई. त्यामुळं माझं बिंग फुटायची वेळ आली नाही.

पिंजाऱ्याला सगळे चाचा म्हणत. साठीचा माणूस, बारीक, दाढीत कायम कापूस. बायको वारली होती, मुलगी सांगलीला दिलेली. घरात उरली होती बावीस कबुतरं. ती छपराखाली खोक्यांत राहात आणि एक बोका दर आठवड्याला येऊन त्यांच्यावर नजर ठेवून जाई. त्या वर्षी त्यानं चार नेली. चाचा कापूस पिंजताना मधेच धनुकली थांबवून कान द्यायचे, तो त्या बोक्यासाठी. कबुतरं गेली तर या माणसाकडं काही उरणार नाही, हे गावात कुणालाही न सांगता कळण्यासारखं होतं.

लढाई संपली आणि आमचा हवालदार ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आला. तो तिथं कबुतरांच्या तुकडीत होता. येताना त्यानं एक शिट्टी, एक लोखंडी खरवडणं आणि कबुतरांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. आठ दिवसांत त्यानं पाटलांना पटवलं, की गावानं कबुतरखाना करावा. सांगलीच्या पेठेत हळदीचा भाव काय फुटला ते गाडीवानाकडून दुसऱ्या दिवशी कळतं, कबूतर तेच अर्ध्या तासात आणून देईल. जागा चावडीचा माळा, त्याला जाळी लावायची. पाखरं चाचांची. चाचा बोक्याला इतके कावले होते की लगेच तयार झाले, पण एक अट घातली. पायाखाली काय अंथरायचं ते आधी ठरवा, म्हणाले. निम्मी कबुतरं पायाखालच्या घाणीनं मरत्यात.

म्हणून एका सकाळी चावडीत सभा भरली. गावानं आपापल्या घरातून नमुने आणले होते. उसाचं पाचट, भाताचा कोंडा, भुईमुगाची टरफलं, गोवऱ्यांची राख, सुताराकडचा भुसा, आणि एका पोत्यावर चाचांची वाळू. सहा ढीग ओळीनं मांडले. हवालदारानं शिट्टी फुंकली.

“पलटनीत पाखराच्या पायाखाली काय घालायचं, ह्यो सवाल जनरल सायबापतूर जायाचा,” तो म्हणाला.

“मग तुमी काय घालत हुतासा?” पाटलांनी विचारलं.

“मी घालत नव्हतो. मी खरवडत हुतो. घालनारी गँग येगळी.”

तेव्हा स्वतःच पाहायचं ठरलं. हवालदारानं बूट काढले आणि डोळे मिटून, हात पंखांसारखे मागं धरून तो एकेका ढिगावरून चालला. पाटलांना तेवढ्यानं समाधान होईना. कबूतर नुसतं चालत नाही, बसतं, असं म्हणून त्यांनी धोतर सावरलं आणि पाचटावर उकिडवे बसले. मान डावीकडं, मान उजवीकडं. “टोचतंय,” म्हणाले. टरफलांवर बसले. “ह्ये बी टोचतंय.” कोंड्यावर बसले आणि शिंकले. पाटील बसले म्हटल्यावर बाकीचेही बसू लागले. थोड्या वेळानं गावातली अकरा जाणती माणसं चावडीत उकिडवी बसून मान हलवत होती, आणि चाचा भिंतीला टेकून डोळ्यांतलं पाणी पुसत होते. हसत होते ते.

मग ते पुढं आले. “पाटील, उठा. मी सांगतो. कबूतर न्हातंय. लय शौकीन जात. परातीत पानी ठिवलं की डुबकी मारतंय आन भिजल्या अंगानं खाली बसून पंख पसरतंय. तवा खाली जे हाय त्ये त्येच्या अंगाला लागतंय. पाचट भिजलं की बुरशी धरतंय, टरफलात किडं हुत्यात, राख भिजली की पाय भाजत्यात. वाळू चिकटत न्हाई. नदीची वाळू, तीन दिस उनात तापीवलेली, दोनदा चाळलेली, बोटभर जाड. आन रोज वरची घान उचलायची. एवढंच.”

“एवढंच?” पाटील म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. वाळू नदीवर कुणालाही फुकट मिळत होती. गावची सभा भरवून वाळू ठरवायची, हे त्यांना बरं वाटेना.

“बुक बघू या की,” हवालदार म्हणाला आणि त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. “मास्तर, जिमिनीचं काय लिवलंय बघा.”

जमिनीचं पान हवालदारानंच काढून दिलं, कारण त्यावर कबुतरखान्याचं चित्र होतं. मी पानाकडं पाहिलं. ‘पिजन’ ओळखला. ‘फ्लोअर’ ओळखला. पुढं मी वाचलंच नाही. काय सांगावं याचा विचार सुरू झाला होता. पाचट म्हणावं तर चाचा दुखावणार, वाळू म्हणावी तर पाटील नाराज होणार, आणि माझी नोकरी पाटलांच्या शब्दावर. मी दारातून बाहेर पाहिलं. समोर शाळा, आणि शाळेच्या भिंतीला लागून पाटलांच्या हळदीचा ढीग. हळकुंडं उकडून, वाळवून, घासली की साल आणि मुळ्यांचा जो चुरा राहतो, तो. शिमग्यापासून पडला होता. वारा सुटला की सगळी पहिली इयत्ता एकदम शिंकायची. तो उचला म्हणून मी पाटलांना चारदा सांगितलं होतं आणि चारदा ते म्हणाले होते, कुनी उचलायचा?

“यात लिहिलंय,” मी म्हणालो, “एक पिवळं मूळ असतं. ते उकडून, वाळवून, घासल्यावर जो चुरा राहतो तो अंथरावा. कीड लागत नाही.”

पाटलांनी मान पुढं केली.

“पिवळं मूळ म्हंजी?”

“हळद.”

त्यानंतर चावडीत जे झालं ते मी कधी विसरणार नाही. माणसं उठून उभी राहिली. सायबाच्या बुकात आमची हळद! एकानं पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. पाटलांची छाती फुगली. ते हवालदाराकडं वळले. “काय रं, तितं पिवळं हुतं का खाली?”

हवालदारानं बराच विचार केला. “जरा पिवळंच हुतं,” तो म्हणाला. “मला वाटलं त्येंचीच घान हाय.”

चाचा माझ्याजवळ आले. त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना कोणतीच अक्षरं येत नव्हती.

“मास्तर, बुकात खरंच तसं लिवलंय?”

आवाजात संशय नव्हता. बावीस जीव दुसऱ्याच्या हवाली करायचे म्हणून एकदा विचारावं, तसं त्यांनी विचारलं. तिथं मला थांबता आलं असतं. नीट दिसत नाही, घरी जाऊन वाचतो, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं.

“होय,” मी म्हणालो.

“मग लिवनाऱ्यानं बगून लिवलं आसंल,” चाचा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोन डालग्यांत घालून त्यांनी बावीस कबुतरं माळ्यावर चढवली. शाळेजवळचा ढीग एका दुपारात उचलला गेला.

माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खाली पाटील बसत. हवालदार सकाळी शिट्टी वाजवून कबुतरांची हजेरी घ्यायचा, कबुतरं पंख फडफडवायची आणि पाटलांवर हळदीचा पाऊस पडायचा. तलाठ्याच्या सगळ्या कागदांना शुभकार्याची कळा आली. एकदा वरचे एक अंमलदार पांढरा कोट घालून तपासणीला आले आणि खांदे पिवळे करून गेले. त्यांना वाटलं गावानं मान केला. ते हात जोडून गेले.

आणि कबुतरं न्हायली. चाचा म्हणाले होते तसंच झालं. परातीत डुबकी मारून ती ओल्या अंगानं हळदीत बसली, लोळली, पंख पसरून वाळली. आठ दिवसांत पांढरी कबुतरं पिवळीधमक झाली, काळी हिरवट झाली, आणि पारव्या रंगाची जी होती त्यांना कोणता रंग म्हणावं ते आजही मला सांगता येणार नाही. चाचा रोज वर जाऊन एकेकाचे पाय ओल्या फडक्यानं पुसायचे. “बुकात हाय म्हंजी आसंल,” असं स्वतःशीच म्हणायचे.

पहिलं कबूतर सांगलीहून सुटलं आणि खरोखर अर्ध्या तासात आलं. पायाची चिठ्ठी हळदीनं इतकी माखली होती की भाव वाचता येईना. तरी गावात गूळ वाटला.

ते कबूतर चावडीच्या कौलांवर बसलेलं असताना हवालदाराची आई पाणी घेऊन चालली होती. ऐंशीच्या घरातली बाई. ती थांबली, घागर खाली ठेवली, आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहात राहिली.

“आरं मुडद्या,” ती लेकाला म्हणाली, “हळद लागल्यालं पाखरू शिवंभाईर धाडलंस?”

आमच्याकडं नवरा-नवरीला हळद लागली की लग्न लागेपर्यंत त्यांना वेस ओलांडू देत नाहीत. बाहेरचं काही लागतं. नवऱ्याच्या हातात म्हणून तर कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून.

“आई, ह्ये मिलिटरीचं काम हाय,” हवालदार म्हणाला.

“मिलिटरीत काय लगनं हुत न्हाईत?”

“मग काय एकेकाच्या पायात कट्यार बांदू म्हनतीस?”

“बांद. न्हाईतर घरात ठिव.”

गाव हसलं. पण दोन दिवसांनी दोन कबुतरं सांगलीहून सोडली आणि दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत ससाण्यानं नेली, एक सकाळी, एक दुपारी. इतकं पिवळं पाखरू निळ्या आभाळात ससाण्याला न दिसेल तरच नवल. पण तसं कुणी म्हणालं नाही. चाचा नदीकाठी उभे राहून बराच वेळ आभाळाकडं पाहात होते. गाव हवालदाराच्या आईकडं पाहात होतं.

जपान्यांना न भ्यालेला तो माणूस आईपुढं हरला. कबुतरांचं बाहेर जाणं बंद झालं. पण हळद धुऊन जाईना, आणि हळद आहे तोवर वेस बंद. यातून वाट एकच होती, ती म्हातारीनंच सांगितली. लावून टाका लगनं. सुटतील.

वैशाख होता. पाटलांच्या पुतणीच्या लग्नाचा मांडव अजून उभा होता. जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी फार वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, “गोत्र काय?” कुणाला ठाऊक असणार? “ठाऊक नसेल तर काश्यप,” ते म्हणाले. लोकांना बरं वाटलं. तेवढ्यात तेच दचकले. सगळीच काश्यप, म्हणजे सगोत्र झालं, म्हणजे लग्नच होत नाही. शेवटी असं ठरलं, की सगळे नवरे पाटलांनी दत्तक घ्यावेत, म्हणजे त्यांना पाटलांचं गोत्र लागेल. पाटील नव्या पागोट्यात पाटावर बसले आणि अर्ध्या घटकेत दहा मुलांचे बाप झाले.

नवरे कोणते आणि नवऱ्या कोणत्या, हे ओळखणारा माणूस गावात एकच होता आणि तो त्या दिवशी शेजारच्या गावी गाद्या पिंजायला गेला होता. मग आकारावरून निवड केली. मोठी कबुतरं नवरे, लहान त्या नवऱ्या. अंतरपाट म्हणून हवालदारानं आपला पलटणीतला टॉवेल धरला. बायकांनी अक्षता वाटल्या. नवरे-नवऱ्यांनी त्या लगेच खाल्ल्या. मी मास्तर म्हणून पुढच्या रांगेत होतो. खोटं सांगणार नाही, मलाही मजा येत होती.

शेवटचं ‘सावधान’ व्हायच्या आत चाचा आले. खांद्यावर धनुकली, अंगभर कापूस.

“थांबा!” ते ओरडले. “आवं जोशीबुवा, थांबा! ह्यो नवरा न्हवं. ही माझी सगळ्यात म्हातारी मादी हाय. आन जिला नवरी केलीया त्यो तिचा ल्योक!”

मांडवात एकच कल्लोळ झाला. चाचा पुढं घुसले. “आन ह्येंची लगनं कवाच झाल्यात. धा-धा वर्सं जोडीनं ऱ्हात्यात. चार खोक्यांत अंडी हायत. घटकाभर आई उठली तर गार पडत्यात. सोडा त्यास्नी!”

“लगीन झाल्यालं हाय तर मग हळद कशी लागली रं?” हवालदाराची आई म्हणाली. तिचा प्रश्न अगदी खरा होता.

“मी न्हाई लावली, मावशी. बुकानं लावली.” आणि चाचा माझ्याकडं वळले. सगळा मांडव वळला. “मास्तर, बुक आना. परत वाचा. सावकाशीनं वाचा. कायतरी वाचायचं ऱ्हायलं आसंल. न्हाऊ घालू नका, आसं तरी लिवलं आसंल बगा.”

पुस्तक आलं. मी तेच पान उघडलं. समोर दोनशे माणसं बसली होती, कबुतरं घुमत होती. चाचा माझ्या तोंडाकडं पाहात होते. मुलाला परीक्षेला बसवलेला बाप पाहतो तसे. मी नापास झालेला माणूस आहे, ही नजर मला ओळखीची होती.

“पक्षी पिवळा दिसू लागल्यास घाबरू नये,” मी वाचलं. “ते तो निरोगी असल्याचं लक्षण आहे.”

“आणि विवाहासंबंधी?” जोशीबुवांनी विचारलं.

मी पान उलटलं. “मनाई नाही,” मी म्हणालो.

‘सावधान’ झालं. वाजंत्री वाजली. चाचा तिथंच खाली बसले.

सत्यनारायण झाल्याशिवाय जोडपी सुटी करायची नाहीत, असं बायकांचं म्हणणं पडलं, आणि जोशीबुवांना मोकळा दिवस पाच दिवसांनी होता. तोवर दहा जोडपी दहा डालग्यांखाली. त्या पाच दिवसांचं मी थोडक्यात सांगतो. अंडी पहिल्याच दिवशी गार पडली. नर नराबरोबर कोंडले गेले होते, त्यांनी एकमेकांना रक्तबंबाळ केलं. पंखांवर हळद सिमेंटासारखी वाळली होती आणि डालग्यांखाली पुन्हा तीच अंथरली होती, शुभ म्हणून. तिला पाण्यानं ओल आली, ओलीला बुरशी आली, आणि कबुतरं तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. मांडवात ओरडले म्हणून चाचांना लोक त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हते. सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाल्यावर डालगी उचलली तेव्हा विसातली नऊ जिवंत होती.

लोकांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की माणूस कारण शोधतो, आणि कारण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘सावधान’ व्हायच्या आत मधे ओरडलं की असंच व्हायचं. चाचांच्या दारात गाद्या येईनाशा झाल्या. हवालदाराचा राग जरा वेगळा होता. चाचांनी पुस्तकावर अविश्वास दाखवला, असं त्याचं म्हणणं. मी त्या काळात फार कमी बोलत असे. लोकांना ते माझ्या विद्वत्तेला शोभून दिसे.

एका सकाळी चाचा डोक्यावर डालगी आणि खांद्यावर धनुकली घेऊन शाळेवरून गेले. मी फळ्यावर लिहीत होतो. मी लिहीत राहिलो. संध्याकाळी त्यांच्या घराकडं गेलो तर अंगणात दोन पोत्यांवर चाळलेली वाळू पसरलेली होती, बोटभर जाड, उन्हानं तापलेली. कधी अंथरली असेल ती त्यांनी? मी ती शाळेत नेली. पोरं तीवर बोटानं अक्षरं गिरवायची.

पाचव्या खेपेला मी मॅट्रिक झालो. तोवर हवालदार ऊस लावण्यात गुंतला होता. पुस्तक त्यानं मला देऊन टाकलं, तुमास्नीच उपेग, म्हणाला. मी घरी आलो, दार लावलं आणि ते पान वाचलं. त्यात स्वच्छ, कोरडी, उन्हात तापवलेली वाळू पातळ थरानं अंथरावी असं लिहिलं होतं. चाचा जे बोलले होते ते जणू कुणी इंग्रजीत घातलं होतं. ‘सँड’ हा शब्द पानावर दोनदा होता. चार अक्षरांचा सोपा शब्द. तो मला तेव्हाही येत होता. मी पुढं वाचलं असतं तर दिसला असता.

त्यानंतर मी सांगलीला जायला लागलो. चाचा मुलीच्या घराशेजारी एका बोळात बसून कापूस पिंजत. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत वाक्य घोकलं होतं. चाचांनी मान वर केली, ओळखलं, आणि आनंदानं म्हणाले, “या मास्तर! काय आनलंय?” पिंजाऱ्याकडं माणूस गादी घेऊन येतो. माझ्या हातात काही नव्हतं. “आणतो,” असं म्हणून मी परत फिरलो. पुढच्या खेपेला गादी नेली. गादी पिंजून झाली, चहा झाला, गाडीची वेळ झाली. मग दुसरी गादी नेली. मग उशा. वर्षभरात घरातलं सगळं अंथरूण दोनदा पिंजून झालं. बायको म्हणाली, “आवं, कापसाला बी जीव असतो.”

शेवटच्या खेपेला चाचांनी मधेच धनुकली बाजूला ठेवली.

“मास्तर, एक मनात हाय, बोलतो. तवा भर मांडवात तुमाला बुक परत वाचाया लावलं. चार मानसांत तुमचा मान ग्येला. माजं चुकलं. माफी करा.”

“असू द्या, चाचा,” मी म्हणालो.

त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. “चला, पाखरं दावतो,” म्हणाले, आणि मला गच्चीवर घेऊन गेले. नवाची चार उरली होती. पिवळीजर्द. पायाखाली हळदीचा चुरा अंथरलेला होता, बोटभर जाड.

“बुकातलंच घालतो आता,” चाचा म्हणाले. “पेठेत लय मिळतोय. तवा मी न्हाऊ घातलं, तितंच चुकलं. आता न्हाऊ घालत न्हाई. तरी मरत्यात बगा एकेक. कशानं, कळंना.”

कबुतरं तोंड उघडून श्वास घेत होती. वाक्य तयार होतं. वर्षभर घोकलेलं होतं. मी तोंड उघडलं.

“चाचा, नवीन पुस्तक आलंय,” मी म्हणालो. “पहिलं बदललं. आता वाळू घालायला सांगतात. आणि रोज न्हाऊ घालायचं.”

चाचा माझ्याकडं पाहात राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता गुडघ्यावर थाप मारून पुन्हा हसले. “म्हंजी सायबाला बी कळलं म्हना!” खाली मुलीला हाक मारून त्यांनी ते सांगितलं. शेजारच्याला सांगितलं. मग एकदम थांबले आणि हळू आवाजात विचारलं, “मास्तर, मग तवा मी बरोबर हुतो व्हय?”

“तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणं नव्हता,” मी म्हणालो. “आताच्याप्रमाणं आहात.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

मी गादी डोक्यावर घेऊन स्टेशनावर आलो. पुढच्या महिन्यात जाऊन खरं सांगायचं, असं ठरवलं. पुढच्या महिन्यात शाळेची तपासणी निघाली, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही. मग त्यांच्या मुलीकडून निरोप आला. कबुतरं चारही चांगली आहेत, वाळूवर आहेत, पिल्लं झाली, आणि वडील गेले.

जे वाक्य घेऊन मी सांगलीला जात होतो ते असं होतं : चाचा, तुम्ही तेव्हाही बरोबर होता. पुस्तकात वाळूच लिहिली होती. मला वाचता येत नव्हतं आणि मी वाचलंही नाही. तुमची पाखरं माझ्यामुळं गेली. मला माफ करा.